पाकिटावरचा नंबर

दादा,

बाबांचं घड्याळ बंद पडलं म्हणून मी ते कोपऱ्यावरच्या घड्याळजींकडे दिलं. माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे, दुकानदार गोड बोलला की माझ्या मनात आधी पाल चुकचुकते. आणि हे तर फारच गोड बोलले! माझ्यासमोर मागचं झाकण उघडलं, भिंग माझ्या हातात दिलं आणि आतल्या मशीनवरचा नंबर माझ्याकडूनच घड्याळ ठेवायच्या पाकिटावर लिहून घेतला. म्हटलं, सगळी नाटकं.

घड्याळ परत घ्यायला जाताना मी बाबांचा खरेदीचा कागद मुद्दाम सोबत नेला आणि झाकण पुन्हा उघडायला लावलं. कागदावरचा मशीनचा नंबर वेगळाच! चार गिऱ्हाइकांसमोर मी त्यांना चोर म्हणाले.

त्यांनी नुसतं ते पाकीट पुढे सरकवलं. त्यावर आतल्या मशीनचाच नंबर होता, माझ्या अक्षरात. म्हणजे मशीन त्यांच्याकडे येण्याआधीच बदललेलं होतं.

बाबा आजारी असताना "साफ करून आणतो" म्हणून तू ते आठ दिवस नेलं होतंस. एरवी ते दुरुस्तीला कुठे गेलंच नाही. तुलाही कुणीतरी फसवलं असेल, असं मी रोज स्वतःला सांगते.

मी घड्याळजींची माफी मागितली. ते म्हणाले, "तोंडावर बोललात, बरं केलंत, ताई. बाकीचे मनात धरतात आणि यायचंच बंद करतात."

परवा फोनवर तू विचारलंस, "दोन महिने झाले, घरी का येत नाहीस गं?"

मी म्हटलं, "अरे, कामातून वेळच मिळत नाही."

तुझी,
धाकटी