दोघींच्या मधे पडलेला चेंडू

तीर्थरूप आईंना तुमच्या आगाऊ सुनेचा नमस्कार.

मी बरी आहे. उन्हानं काळी पडलेय, पण जीभ अजून तशीच चालते. तुमचे गुडघे काय म्हणतात?

शाळेच्या उन्हाळी शिबिरातल्या माझ्या व्हॉलीबॉलच्या पोरी फार गुणी, तीच पंचाईत. काल चेंडू दोघींच्या मधे आला. "तू घे", "नको, तू घे" करत दोघी थांबल्या आणि चेंडू आपटला. मी म्हटलं, "बायांनो, मान कसला देताय? 'माझा' म्हणून ओरडा आणि घ्या."

बोलले खरी, पण ते मलाच लागू पडलं. हे गेल्यापासून मी आणि वन्सं तुमच्या बाबतीत तेच करतोय. त्या म्हणतात, वहिनीचं मन मोडायला नको. मी म्हणते, लेकीचा हक्क आधी. आणि तुम्ही तिथं एकट्याच जेवताय.

तर आई, आता विचारत नाही, सांगते. तुम्ही माझ्याकडे राहायचं. शाळेनं मला शिबिरानंतरही ठेवून घेतलंय. खोली तळमजल्यावर आहे, जिना नाही. वन्सं रुसतील, त्यांना मी बघते.

पलंग एकच आहे. खिडकीकडची बाजू तुमची, पण घोरलात तर शिट्टी वाजवीन.

तुम्हाला न्यायला रविवारी येणारी,
तुमची सून