उदाहरणातली नावं

९ ऑगस्ट १९९८, केडगाव

आले एकदाची! कोपरगावहून एसटीने नगर आणि नगरहून रिक्षाने केडगाव. आईने दिलेल्या लाडवांच्या डब्याचं झाकण रिक्षातच राहिलं. दयामावशींनी डब्यावर ताटली झाकली आणि झाकता झाकता दोन लाडू खाल्ले. जमणार आमचं.

मावशी रिटायर नर्स आहेत, घरात एकट्या. अंगणात शेवंतीच्या कुंड्या आणि एक लाल लूना. लूना त्यांच्या एस्तेरची. एस्तेर गेल्या वर्षी काविळीने गेली. तिचीच नोकरी मला मिळालीय, तिच्याच खोलीत राहायचं आणि तिथेच, घरूनच, तिच्या कॉम्प्युटरवर काम करायचं. मला जरा कसंतरी झालं होतं, पण मावशींनी आपणहून भिंतीवरचा तिचा फोटो उतरवून दाखवला. लूनावर बसलेली, दात काढून हसणारी. तिला त्या चिमणी म्हणायच्या. शेवंती तिच्यासाठीच लावलीय. दोन नोव्हेंबरला इथली सगळी ख्रिस्ती माणसं कबरींवर फुलं घेऊन जातात, तेव्हा बाजारची फुलं न्यायची नाहीत असं त्यांनी ठरवलंय.

खोलीला खिडकी आहे, पंखा आहे, आणि पंखा फिरतोसुद्धा. आणखी काय पाहिजे!

१३ ऑगस्ट

आईशी बोलले. मी बूथवरून, आणि तिकडे फोन आईच्या शेजारच्या रतनबाईंकडे, त्यामुळे निम्मं बोलणं रतनबाईंशीच होतं. आईला माझं काम काही केल्या कळेना. मग सावकाश सांगितलं. लिनक्स नावाची कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिम आहे. तिच्या अगदी आतल्या भागाला कर्नेल म्हणतात आणि तो जगभरातली माणसं मिळून लिहितात, सगळ्यांसाठी, फुकट. सुप्याला आमच्या राधाकृष्णसाहेबांचं छोटं युनिट साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचे कॉम्प्युटर बनवतं. त्यातल्या एका कार्डाचा भाग त्या कर्नेलमध्ये आहे. तो भाग कसा वापरायचा ते सांगणारी पानं एस्तेर लिहायची. कर्नेल बदललं की पानं बदलायची, जुनं काढायचं, नवं घालायचं. आई म्हणाली, म्हंजी पुस्तकांना पुट्टं घालायचं काम का? तसंच समज म्हटलं.

मी केलेला बदल ईमेलने म्युनिकच्या एका माणसाकडे जातो. त्याने मान्य केला की बदल लागला. साहेबांनी फक्त कामासाठी दिलेल्या लाइनवरून मोडेम पुण्याला फोन लावताना असा काही केकाटतो की मावशी कानावर हात ठेवतात.

एस्तेरची पानं वाचून मी तिच्या प्रेमातच पडले. उदाहरणात दोन कॉम्प्युटर तारेने जोडायचे तर दुसरा कुणी त्यांना एक आणि दोन म्हणेल. हिने एकाला म्हटलंय लूना, दुसऱ्याला चिमणी. तार नीट लागली का बघायला एक वाक्य पाठवायचं असतं. हिचं वाक्य : आई दार उघड, भिजले. इंग्रजी अक्षरांत. जगभरचे लोक अर्थ न कळता तेच टाइप करत असणार! मावशींना वाचून दाखवलं तर त्यांनी पदर तोंडाला लावला. एका पावसाळ्यात सुप्याहून येताना लूना केडगावच्या अलीकडे बंद पडली होती. पोरगी ती ढकलत ढकलत आली आणि दारात उभी राहून हेच ओरडली. मावशींनी तिचं डोकं पुसलं, तिला आल्याचा चहा दिला, आणि वर दोन शिव्याही दिल्या. हे सगळं त्यांनी मला दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा शिव्यांसकट.

२२ ऑगस्ट

नवी आवृत्ती येतेय, सगळ्या आज्ञा बदलल्यात. एस्तेरची दोन्ही पानं मुळापासून लिहावी लागणार. आज पहिलं झालं. म्हटलं, मेहनत माझी तर नावंही माझ्या घरची. एका कॉम्प्युटरला आईचं नाव दिलं, भामा. दुसरा पाट.

पाटाची गोष्ट आई कुणालाही सांगते. मी तीन वर्षांची असताना कालव्याच्या पाटात पडले. आईने लुगड्यासकट उडी मारली, माझे केस धरून मला बाहेर काढलं आणि मग आधी एक थोबाडीत दिली. मला स्वतःला यातलं काही आठवत नाही. सगळं आईच्या तोंडून ऐकलेलं.

२६ ऑगस्ट

बदल लागला! म्युनिकवाल्याने शाबासकी दिली. पहिलीच खेप आणि एकही चूक नाही. मी पेढे आणले.

पेढा खाता खाता मावशींनी विचारलं, अंगणातली ती लाल गाडी कुणाची गं? मला वाटलं चेष्टा करतायत. म्हटलं, तुमच्या एस्तेरची. तर म्हणाल्या, तिला कुठं गाडी येत होती. फोटो दाखवला. फोटो परत माझ्या हातात दिला आणि उठून भात टाकायला गेल्या.

वय झालं, दुसरं काय. पण मला पेढा गेला नाही.

८ सप्टेंबर

दुसरं पान पाठवलं. पाठवायच्या वाक्याच्या जागी आईची हाक घातली : ठके, घरी ये. ठकी म्हणजे मी; बाकी सगळ्यांना वृषाली, ठकी फक्त आईपुरती. कोपरगावात ही हाक कारखान्याच्या भोंग्याच्या वर ऐकू यायची.

मावशी ठीक आहेत. लूनाचं काही बोलत नाहीत, एवढंच.

११ सप्टेंबर

सकाळी ईमेल, बदल लागला. दुपारी पाऊस आला आणि मी भिजून घरात शिरले. मावशींनी टॉवेल दिला. मी मुद्दाम म्हटलं, मावशी, एस्तेर अशीच आली होती ना? त्या म्हणाल्या, एस्तेर पावसात कधी भायेर पडलीच न्हाई.

मग माझं डोकं पुसता पुसता म्हणाल्या, ‘ठके, पाटाकडं जात जाऊ नकोस गं. तुझे केस धरून वढलं तवाचं माझं मनगट अजून दुखतं.’

मी त्यांना पाटाची गोष्ट सांगितलेली नाही. ठकी हे नाव या घरात कुणालाच माहीत नाही. पान इंग्रजीत आहे आणि त्यात फक्त नाव आहे, गोष्ट नाही. त्या पुसतच होत्या.

१४ सप्टेंबर

शेजारच्या योहानकाकांना विचारलं. त्यांना लूना आठवते, तो पाऊसही आठवतो, त्यांनीच दुसऱ्या दिवशी लूनाचा प्लग बदलला होता. म्हणजे विसरल्यात त्या फक्त मावशी. आणि विसरल्यात तेवढंच, जेवढं मी पानांतून काढलं. चिमणी हे नावही गेलं त्यांच्या तोंडून.

हसू नये कुणी. मी सायन्सची मुलगी आहे, मला स्वतःलाच हे लिहिताना लाज वाटते.

२० सप्टेंबर

आईला फोन. रतनबाईंनी हाक मारली, आई आली. म्हटलं, आई, ठकी बोलतेय. ती म्हणाली, कोन ठकी? मी हसले, ती हसली नाही. पाटाचं विचारलं. ती म्हणाली, पाटात कुनी पडलं न्हवतं बाई, तुमी कुटून बोलताय?

फोन ठेवला आणि बूथमध्येच रडत बसले. बाहेर लाइन लागली होती.

१ ऑक्टोबर

कोपरगावला जाऊन आले. आज दसरा, आमच्याकडे धम्मदीक्षेचा दिवस. दरवर्षी आई पांढरं पातळ नेसून माझी वाट बघते. तशीच दारात उभी होती. मला बघून तिने विचारलं, कोन पायजे?

ओळखते मला, पण लांबून ओळखते. वृषाली नावाची कुणी आहे, नगरला असते, एवढं तिला माहीत आहे. रतनबाई तिच्यावर चिडल्या, तुझी लेक हाय, तुला काय झालंय भामे. आई म्हणाली, असंल, तुमी म्हनता तर असंल. मला पाटावर बसवलं, पाहुण्याला वाढतात तसं वाढलं. आणखी घ्या म्हणाली. घ्या!

मी तिच्या पोटची एकुलती एक. अण्णा, माझे वडील, गेल्यापासून आम्ही दोघीच होतो एकमेकींना.

परत केडगावला आले, कारण दुसरं कुठं जाणार. दारात दयामावशी उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘आलीस का ठके, किती वाट बगायची?’ त्यांच्या गळ्यात पडून रडले. मला बरं वाटलं, हे लिहितानासुद्धा माझी मलाच किळस येतेय.

६ ऑक्टोबर

मला जेवढं कळलंय ते असं. हे पान ज्या घरात लिहिलं, त्या घरच्या आईचं. त्यात जे घालावं ते इकडच्या आईकडे येतं, जे काढावं ते कुठल्याच आईकडे राहत नाही, बहुतेक लेकीकडेही नाही; आठवतं ते शेजाऱ्यांना. मी माझी आई एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवली. चोरी म्हणतात याला.

आता दोन्ही ठेवून बघते. एस्तेरची नावंही, माझीही.

१० ऑक्टोबर

बदल लागला. नको होता लागायला.

मावशी सकाळपासून किंचाळतायत. चिमणी पाटात पडली, ठकी लूना ढकलत आली, कुणाचे केस धरले, कोण हातातून सुटली— त्यांना दोघी एकीतच दिसतात आणि ती एक बुडालेली दिसते. स्वतःचं मनगट चावलं त्यांनी. योहानकाकांनी डॉक्टर आणला. मी रडत रडत मोडेम लावला आणि ईमेल केलं, चूक झाली, एस्तेरची नावं काढून टाका.

म्युनिकवाल्याने तासाभरात काढली. भला माणूस आहे. त्याने विचारलं, एस्तेर कशी आहे, बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही तिने. त्याला कुणी कळवलंच नव्हतं. मी कळवलं.

१५ ऑक्टोबर

त्याचं उत्तर आलं. फार हळहळला. पण यादीचं काहीतरी करावं लागेल म्हणतो. कर्नेलच्या कुठल्या भागाला कोण जबाबदार, त्याची एक यादी असते. आमच्या भागापुढे अजून एस्तेरचं नाव आहे. ते काढून माझं घालायचं. कुणीच नसेल तर तिथे अनाथ असं लिहितात आणि पुढे तो भागच काढून टाकतात. साहेब म्हणाले, लगेच घाल, सुप्याची वीस माणसं त्यावर जगतात.

मी नाही म्हटलं. साहेबांनी स्वतः ईमेल केलं.

१९ ऑक्टोबर

लागला.

मावशींनी भिंतीवरचा फोटो उतरवून माझ्याकडे आणला. ही कुणाची पोर, हसरी आहे, म्हणाल्या. आपल्या घरात कशी आली?

आईला फोन केला. रतनबाई म्हणाल्या, ती यायलाच तयार नाही. मला लेकच न्हाई तर फोन कुनाचा घ्यू, म्हणते.

२६ ऑक्टोबर

मावशी खूश असतात. माझ्यासाठी स्वेटर विणायला घेतलाय. संध्याकाळी केसांना तेल लावतात, लहानपणच्या माझ्या खोड्या सांगतात. मी लाडात येऊन ऐकते. लाज सोडली मी.

एस्तेरची पानं परत घालता येतील. पण मग माझी काढावी लागतील. आणि काढलेलं परत आईकडे जात नाही— कुठेच जात नाही.

राहू दे ना असंच. एस्तेर तर गेलीच आहे.

२ नोव्हेंबर

योहानकाका बोलवायला आले, कबरस्तानात चला. मावशींनी विचारलं, कुणाच्या कबरीवर? शेवंती एवढी फुललीय की पानं दिसत नाहीत. मावशी म्हणाल्या, ही फुलं कशाला लावली होती मी, काही कळंना.

काकांनी रिकामी पिशवी माझ्यापुढे धरली.

मी फुलं तोडून घेऊन गेले. सगळ्या कबरींना चुना दिलेला, मेणबत्त्या लावलेल्या. आयाच आया बसलेल्या. एस्तेरच्या कबरीवर गवत. वर्षभर जिने त्या पोरीसाठी फुलं वाढवली ती घरी माझा स्वेटर विणतेय.

नाही. हे मला पेलणार नाही. आई जिवंत आहे माझी, तिला लेक नाही म्हणून दुखत तरी नाही. पण ही पोर इथे गवतात— तिला आई पाहिजे.

घरी येऊन लिहिलं. लूना, चिमणी, आई दार उघड, सगळं जसंच्या तसं. वर मूळ लेखिका म्हणून तिचं नाव. यादीतून माझं काढलं, साहेबांच्या इंजिनिअरचं घातलं. त्याची आई त्याच्या घरी आहे आणि तो हे पान इथे बसून लिहिणार नाही.

पाठवलं.

३ नोव्हेंबर

केसांना तेल लावून घेतलं शेवटचं. मावशींना सांगितलं, पाटाची गोष्ट पुन्हा सांगा. सांगितली. थोबाडीत मारलेलीसुद्धा.

४ नोव्हेंबर

लागला. ईमेल आलं.

मावशी बाहेर लूनाच्या सीटवर हात फिरवत बसल्यात. रडतायत. मोठ्याने, नावं घेऊन. चिमणे, म्हणतायत. काका आलेत, त्यांना धरून रडतायत. किती महिन्यांनी रडल्या— एवढं एक बरं झालं माझ्या हातून—

पाट मला आठवत नाहीय. कुठल्या गावचा— वही मागे चाळली, अक्षर माझंच आहे, पण वाचलेलं राहत नाही, पान उलटलं की—

आत आल्या. डोळे पुसले. माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि मायेने विचारलं, ‘तू कुनाची गं पोरी?’

सांगायला तोंड उघडलं. मी— मला घरी ये म्हणून हाक मारायची ती— माझ्या आईचं नाव—