नानांचे रियाल

४ मार्च, सोलापूर
मस्कतच्या हॉस्पिटलात नोकरी लागलीय, त्यासाठी रियाल आणले. मी म्हटलं होतं, एकटी जाते. पण नाना अर्धी पाळी बुडवून आलेच. "बघू दे की मला बी." स्टेशनजवळचा मनी चेंजर. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, सगळ्याच्या झेरॉक्स. रुपयांचा गठ्ठा काचेखालून आत सरकवला आणि बाहेर आल्या थोड्याशाच नोटा. नानांनी आधी काचेपलीकडच्या माणसाकडं बघितलं, मग माझ्याकडं. एक रियाल म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. पेपरात भाव एक, बोर्डावर दुसरा, हातात पडला तो तिसराच.

घरी येऊन नानांनी एक नोट ट्यूबसमोर धरली. सगळा जन्म टॉवेलच्या लूमवर गेला, काहीही हातात आलं की आधी वीण बघणार. "कवे, ह्यात धागा हाय. कागदात धागा कसा घातला असंल गं?" म्हटलं, आपल्या नोटेत पण असतो की. मग शंभरची काढून तीही धरली. "व्हय की. एवढी वर्षं पगार घ्यायलोय, कदी बगितलंच न्हाय." बराच वेळ दोन नोटा शेजारी शेजारी धरून बसले होते. मी स्वयंपाक आटपला तरी बसलेलेच.

९ मार्च
बॅग भरली. एकच घोर, नाना एकटे. आई जाऊन पाच वर्षं झाली, आता मी पण. त्यात कान. लूमच्या खडखडाटात कान गेले. लूमवरची सगळीच माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात, तसंच घरी पण. तोंड समोर असलं की नानांना सगळं कळतं, पाठ फिरवली की काही नाही. आणि वाद नको असला की स्वतःच नजर खाली घालतात. मग कितीही बोला.

डॉक्टर म्हणालेत दोन्ही कानांना मशीन लागेल. चांगलं घ्यायचं तर नानांचा अर्ध्या वर्षाचा पगार. पहिल्या दोन-तीन महिन्यांत मी घेणार, ठरलंय. नानांना सांगितलं. "बघू," म्हणाले आणि नजर खाली.

शेजारचे सलीमचाचा भेटून गेले. मस्कतला ड्रायव्हर होते, आता त्यांची दोन पोरं तिकडं. तिकडची, शंभर बैशाची जुनी नोट हातात ठेवली. "उतरे बाद इसकी चाय पी. पैले पैले हर चीज का रुपया करती तू. बाद में छुट जाता."

२१ मार्च, मस्कत
हॉस्पिटलात रुजू. रूम चांगली. खिडकीतून डोंगर दिसतात, उघडेबोडके, एक झाड नाही. पहाटे त्यांचा रंग पाच मिनिटांत तीनदा बदलला. बघतच राहिले, बस चुकणार होती.

चाचांच्या नोटेचा चहा प्यायला गेले. टपरीवाला केरळचा, नोट बघून हसला. ही बंद झाली म्हणाला. चहा मात्र दिला. नोट पर्समध्ये ठेवली परत. हजार बैशांचा एक रियाल. चहा शंभर बैसा, म्हणजे तेवीस रुपये. तेवीस रुपयांचा चहा पिताना प्रत्येक घोटाला

(ड्यूटीचा फोन आला. पुढं काय लिहिणार होते, विसरले.)

२ मे
पहिला पूर्ण पगार. आजपर्यंत एवढे पैसे एका वेळी माझ्या नावावर नव्हते. 

पैसे पाठवायला गेले तर ही लाईन. तेलुगू, बंगाली, मल्याळी, सगळ्यांची मान वर, भावाच्या बोर्डाकडं. आज रुपया घसरलाय म्हणून सगळे खूश. मी पण झाले. घरी जास्त पोचणार. मग बसमध्ये बसल्यावर वाटलं, काय हे, आपलाच रुपया पडला आणि आपणच हसलो.

मशीनचे पैसे गेले. मेसेज आला, सोलापुरात जमा. मी अजून स्टॉपवरच होते. अजब आहे सगळं.

१५ जून
व्हिडिओ कॉल. नाना फोन असा धरतात की नुसतं नाक आणि डोळे दिसतात. "मशीन घेतलं का?" "व्हय व्हय." "दाखवा." "घरात कशाला घालू, ठिवलंय." नाईट होती, उजेड कमी, माझे ओठ नीट दिसेनात, तर प्रत्येक गोष्टीला व्हय. जेवण व्हय, पाऊस व्हय, तब्येत व्हय. मशीन नाहीच घेतलेलं. पण चौकशी कुणाकडं करू? चाचा नानांचीच बाजू घेणार.

१८ नोव्हेंबर, सोलापूर
सुट्टी. घर तेवढंच, मला लहान वाटलं. नाना वाळलेत. मशीन नाही.

विचारलं, पैसे कुठायत? नानांनी ट्रंकेतल्या नव्या चादरीची घडी काढून पुढं ठेवली. आत रियाल. कोऱ्या नोटा, एकीला दुमड नाही. दर महिन्याला बँकेतून माझे रुपये काढायचे आणि सलीमचाचांच्या घरी जायचं. मस्कतहून सुट्टीला कुणी आलं की त्यांच्याकडून रियाल घ्यायचे, प्रत्येक नोट उजेडात धरून, धागा बघून.

मी रियालचे रुपये करून पाठवायचे, नाना त्याचे परत रियाल करायचे. दोन्हीकडं भावात कातरी लागत होती.

"लेकीचं पैसं हायत. तू तिकडनं जसं मिळवलं तसंच ठिवलं. मी हात न्हाय लावला."

राग आला. मग रडू आलं. म्हटलं, नाना, तुम्हाला ऐकू येत नाही तर तिकडं बसून मी कुणाशी बोलायचं? नजर खाली. मी हनुवटी धरून तोंड वर केलं आणि तेच परत म्हटलं. असं आयुष्यात कधी केलं नव्हतं.

२० नोव्हेंबर
परत तोच मनी चेंजर, तीच काच. या वेळी रियाल आत, रुपये बाहेर. 

मशीनच्या दुकानात बाईंनी दोन्ही कानांत बसवून दिलं. नाना दचकले. मी पैसे मोजत होते. माझ्या हाताकडं बघायला लागले. "नोटंला आवाज असतोय?" मी परत मोजून दाखवल्या. मग म्हणाले, "रियालचा बी असाच असतोय, का येगळा?" माझ्याकडं एकही उरला नव्हता. मग चाचांची शंभर बैशाची आठवली. कानाजवळ नेऊन कुरकुरवली. डोळे मिटून ऐकत होते.  नानांचा असा चेहरा मी आधी कधी बघितला नाही.

घरी आल्यावर काढून डबीत ठेवलं. "जपून ठिवतो." डबी ट्रंकेत, चादरीच्या घडीत.

६ डिसेंबर, विमानतळ
काल निघताना पण मशीन कानात नव्हतं. डबी ट्रंकेतच.

७ डिसेंबर, मस्कत
पोचल्याचा कॉल केला. नेहमीसारखं नाक आणि डोळे. पोचले म्हटलं. "व्हय व्हय." जेवले म्हटलं. "व्हय."

मग फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवलं. त्यांना आता माझे ओठ नाहीत, नुसता अंधार दिसत असणार. हळूच विचारलं, "नाना, आज भाजी कुठली केली?"

फोन हलला. डोळे गेले, नाक गेलं, कान काही दिसला नाही, भिंत आणि कॅलेंडर. मग नाना परत दिसले, मान एका बाजूला वाकडी करून, ऐकायला बघत बसलेले.

मी बोट काढलं नाही. परत विचारलं.