पडद्यामागून पाहिलेला डावऱ्या

माय, काल तोच सिनेमा पुन्हा शिकवून आले. निवृत्तीनंतरही मला त्यासाठी बोलावतात, आणि मी लग्नाला निघावं तशा उत्साहाने जाते. गुंडाची गोष्ट आहे. आरमोरीच्या बाजाराजवळ तंबू लागला होता, तेव्हा आपण दोघींनी पाहिलेली. गुंडांचे कितीतरी सिनेमे आले आणि विसरले गेले. हा मात्र प्रत्येक नव्या पिढीला खिळवून ठेवतो. असं का होतं, हे समजावताना मी घाई करत नाही. आधी सुरुवातीचं दृश्य दाखवते. गुंड रस्त्याने येतो, गाडीवरचा एक पेरू न विचारता उचलतो, खात खात पुढे जातो. शिवी नाही, चाकू नाही. मी चित्र थांबवून विचारते, पेरूवाला कुठे पाहतो आहे? मुलं पुन्हा निरखून बघतात. तो पेरूंकडे पाहतो आहे. सगळं मर्म इथेच आहे, मी सांगते. ज्याची भीती वाटते त्याच्या चेहऱ्याकडे माणूस पाहू शकत नाही. हा सिनेमा आपल्याला अंधारात बसवतो आणि तोच चेहरा हवा तितका वेळ पाहू देतो. मुलं भराभर लिहून घेतात आणि विचारतात, हे कोणत्या पुस्तकात आहे? मी पुढच्या दृश्याकडे वळते.

पुस्तकात ते नाहीच. तू बाजारात मासे घेऊन बसायचीस, आणि लाकडाच्या ठेकेदाराचा तो माणूस दर बाजारी येऊन टोपलीतली सर्वांत मोठी मरळ डाव्या हाताने उचलून न्यायचा. पाठीमागे सगळे त्याला डावऱ्या म्हणत. एका गाडीवानाचा हात त्याने भर रस्त्यात मोडला होता, पण विचारलं तर ते कुणीच पाहिलेलं नव्हतं. तो आला की तू त्याच्या वहाणांकडे पाहायचीस. म्हणून मीही वहाणांकडेच पाहायची.

तंबूत पुरुष पडद्यासमोर बसत आणि बाया पडद्यामागे. कापड पातळ होतं. खेळाआधी त्यावर पाणी मारत, म्हणजे चित्र आरपार उमटे, फक्त आरशातल्यासारखं उलटं. पुरुषांना गुंडाने पेरू उजव्या हाताने उचललेला दिसला, आपल्याला डाव्या. पहिली तूच ओरडलीस, "अवं माय! हा तं आपला डावऱ्या!" मग बायांना आवरणं कठीण झालं. "पाय ना, चालते बी तसाच, रेड्यावानी!" "घरी जेवाले नसंन भेटत त्याले, म्हनून लोकायचं खाते!" इतकं मोकळं हसताना मी तुला कधीच पाहिलं नव्हतं.

रीळ संपलं. बदलण्यासाठी दिवा लागला, आणि पुरुषांच्या बाजूची कनात सारून डावऱ्या आत आला.

तो उभा आहे. बायांनी पदर पुढे ओढले आहेत. "माहं नाव कोनं घेतलं?" तो एकेका पदराकडे पाहतो. "कोन हासलं, इचारून राह्यलो मी." तुझी बोटं माझ्या मनगटात रुतली आहेत. त्याच्या वहाणांकडे पाहत तू म्हणतेस, "मी बोलली, भाऊ. इथून तो मानूस डावरा दिसते. तुमाले तिकडून उजवा दिसला असंन. खोटं वाटत असंन तं बसा, पाहा." आता तो तुला मारणार, हे मला इतकं पक्कं ठाऊक आहे की मी डोळे मिटून घेते. काहीच आवाज येत नाही. डोळे उघडते तेव्हा तो आपल्या शेजारी बांबूच्या तट्ट्यावर बसला आहे, आणि दिवा जातो.

शेवटी गुंड गोळी लागून पायऱ्यांवर कोसळतो आणि हात पुढे टाकत सरपटतो, एवढं मला ठाऊक आहे. आपल्या बाजूने तो डावा हात असणार. पण आपल्यापैकी एकीचंही पडद्याकडे लक्ष नव्हतं. ओल्या कापडातून येणाऱ्या उजेडात मी पहिल्यांदाच डावऱ्याचा चेहरा पाहिला. तोंड उघडं होतं, आणि उजव्या हाताने त्याने स्वतःचा डावा हात घट्ट धरून ठेवला होता. "मेला का?" त्याने हळूच विचारलं. "मेला, भाऊ," तू म्हणालीस.

पुढच्या बाजारी तो आला आणि टोपलीत उजवा हात घातला. सवय नसलेल्या बोटांतून मरळ निसटली, धुळीत पडून तडफडू लागली. मला हसू फुटणार, तोच तू माझ्या मांडीला चिमटा काढलास. मासा धुतलास, पळसाच्या पानात गुंडाळून त्याच्यापुढे धरलास. तुझी नजर पुन्हा त्याच्या वहाणांवरच होती. तो गेल्यावर मी विचारलं, "आता काऊन भेतेस, माय?"

"आता तो भेला," तू म्हणालीस. "आधी मले मालूम राहे तो काय करन. आता नाई मालूम. त्याच्यासमोर हासू नोको, पोरी."

वर्गात मी चेहऱ्यापर्यंतच सांगते. तुझं हे वाक्य सांगत नाही. तुला अक्षरओळख नव्हती, म्हणून हे पत्र तू जिवंत असतानाही पोचलं नसतं. आता ते टेबलावरच राहील. फक्त एक कबूल करते. त्या सिनेमाचा शेवट मी आजवर पाहिलेला नाही. गुंड पायऱ्यांपाशी आला की मी पडद्याकडे पाठ करते आणि अंधारात ओळीमागून ओळ तपासत जाते, कोण आपलाच हात धरून बसलं आहे ते.