लेप्टिन आणि विद्याचा डबा

१ जानेवारी २००७, सकाळी ७
वय १६, वजन ९३. आजपासून गोड बंद. रोज रंकाळा तलावाला एक फेरी. आज थंडी आहे. उद्यापासून.

४ जानेवारी
कॉलेजात डॉ. प्रियदर्शनी मगदूम आल्या होत्या. जाड मुलामुलींच्या भुकेवर अभ्यास करतायत. लेप्टिन नावाचं हार्मोन चरबीतून निघतं आणि मेंदूला सांगतं, बास आता. म्हणजे माझ्यात ते कमी. दोष माझा नाही. रक्त तपासायला नाव दिलं. धाकट्या बहिणीचंही दिलं. विद्याश्री, नववीत, ७० किलो.

८ जानेवारी
वर्गातल्या पोरी विद्याला पोतं म्हणतात. आईला सांगू नको म्हणाली. नाही सांगितलं. मी शब्दाचा पक्का.

११ जानेवारी
विद्या डबा तसाच परत आणते. भूकच नसते म्हणे. आई ओरडेल म्हणून मला देते. अन्न टाकू नये. रात्रीची भाकरीपण माझ्याच ताटात सरकवते. तिचं लेप्टिन जोरात असणार. नशीब एकेकाचं.

१६ जानेवारी
संक्रांतीच्या शेंगापोळ्या पाच. विद्याच्या धरून आठ. हार्मोनच नाही तिथं मन मारून उपयोग काय. वडील म्हणाले, दुकानातल्या सिमेंटच्या पोत्याच्या तोंडाला निदान शिवण तरी असती, ह्याला तीबी न्हाय. वाईट वाटलं नाही. हल्ली वाटत नाही.

२२ जानेवारी
रक्त दिलं. उपाशीपोटी बोलावलं होतं. वाटेत फक्त एक वडा. एवढ्यात तो रक्तात कुठला उतरतोय. सुई टोचल्यावर विद्याला चक्कर आली. नर्सनं बिस्किटं दिली. तिनं ती मला दिली.

रंकाळा: सोमवारपासून नक्की.

२ फेब्रुवारी
रिपोर्ट आले. आई सोबत होती. माझ्यात लेप्टिन कमी नाही, भरपूर आहे. मेंदू ऐकत नाही. मी वाढवायचं इंजेक्शन मागितलं. डॉक्टर म्हणाल्या, पंचगंगेला पूर आलाय आणि तू टँकर मागतोयस.

मग विद्याचा कागद. मुलींचं मुलांपेक्षा जास्त असतं. हिचं तळाला गेलंय. नीट खाल्लं नाही की असं उतरतं, म्हणाल्या. वजन ६३. पोरगी बारीक झाली म्हणून आई आत्तापर्यंत कौतुकानं सांगत होती. डॉक्टरांनी विद्याला हळू आवाजात विचारलं, किती दिवस जेवली नाहीस. विद्या पायाकडं बघत राहिली. आई म्हणाली, डबा तर रोज मोकळा येतोय की.

मी भिंतीवरचा तक्ता वाचत होतो. दोनदा वाचला.

३ फेब्रुवारी
विद्याचा डबा मी खायचो हे आईला सांगायचं ठरवलं. जेवण झाल्यावर. जेवल्यावर डोळा लागला.

५ फेब्रुवारी
सांगितलं. आई गॅस बंद करून बाहेर पायरीवर जाऊन बसली. मला काहीच वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं, एवढं कळलं.

९ फेब्रुवारी
विद्या जेवताना शेजारी बसायचं काम माझं. आज तिनं अर्धी भाकरी आणि दोन घास भात खाल्ला. अर्धा तास लागला. मग म्हणाली, दादा, तुला एवढे दिवस खरंच कळलं न्हाय व्हय? मला मेंदू, हार्मोन, सगळं सांगता आलं असतं.
मला भूक लागायची, म्हणालो.