जीप अजून तयार नाही

५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. गुडघा कसा आहे? जीपचं विचारलंस म्हणून सांगतो, ब्रेक नवे बसवले, मागे पेट्रोलचे दोन कॅन बांधायला पट्टेही शिवून घेतले. लष्कराने लिलावात काढलेली ही म्हातारी वयाने माझ्याहून मोठी. तुझ्यापर्यंत नऊशे किलोमीटर, वाटेत तिने दगा देऊन चालणार नाही. गिअरबॉक्समधून बारीक आवाज येतोय. तेवढा खोलून बघतो आणि पुढच्या महिन्यात निघतो.
लोभ आहे तो असाच राहू दे.
तुझा,
धाकटा

२० जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. गुडघा कुरकुरतोय, पण तुझ्या गिअरबॉक्सइतका नाही. तुझा पुढचा महिना तीन वर्षं यायचाच आहे. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! गॅरेजात होतास तेव्हा लोकांच्या गाड्या संध्याकाळपर्यंत परत द्यायचास, आणि घरच्या जीपला एवढा वेळ?
मला एकटीला हे घर आता आवरत नाही. मार्चअखेर लेकीकडे राहायला जातेय. तिच्या दोन खोल्यांत तुला चार दिवस ठेवून घेता येणार नाही. आजवर प्रत्येक पत्रात घाई नाही म्हणून लिहीत आले. आता घाई आहे.
तुझी वाट बघणारी,
ताई

७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझ्यापासून काय लपवायचं? जीप गेल्या वर्षीच तयार झाली. पहिल्याच झटक्यात सुरू झाली आणि मी ती लगेच बंद केली. तुझी भावजय गेल्यापासून सकाळी उठून करण्यासारखं तेवढंच काम उरलंय. म्हणून चांगला चाललेला गिअरबॉक्स खोलला, धुऊनपुसून होता तसा बसवला. असं चार वेळा केलं. तुला भेटून परत आल्यावर पुढे काय, ते मला सुचत नाही. आवाज कसलाच येत नव्हता, ताई. रागाव, पण पत्र लिहीत जा.
धाकटा

१८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. आधी रागावले, मग रडले. मीही पाहुण्यांच्या खोलीतली चादर दर महिन्याला धुतेय, तिच्यावर कुणी झोपलेलं नसताना. पुढे काय, ते इथे भांडून ठरवू. हत्यारं घेऊन ये. खोलायचीच असेल जीप, तर माझ्या दारात खोल.
तुझी,
ताई

३ मार्च, वाटेतून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. निघालोय. काटा चाळीसच्या वर नेत नाही, त्यामुळे आधी पत्र पोचतं की मी, देव जाणे.
आज दुपारी एका पेट्रोल पंपावर सवयीने बॉनेट उघडलं. पाणी, तेल, पट्टा, सगळं ठाकठीक. हात घालायला काही नव्हतं. तिथेच उभ्या उभ्या रडू आलं. पंपावरच्या माणसाला वाटलं गाडी बंद पडली. काही न विचारता तो मागे गेला आणि धक्का द्यायला लागला. गाडी चालू आहे असं सांगायला हवं होतं. पण तीन वर्षांत माझ्यासाठी कुणी एवढे कष्ट घेतले नव्हते, म्हणून बॉनेट लावून स्टिअरिंगवर बसलो आणि ढकलू दिली.
परवा पोचतो. बाकीचं समोर बसून.
तुझा,
धाकटा