हाताचा क्लच

४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

म्हातारी काल ट्रकवर चढून तुझ्याकडे निघाली. पोचली की कळव. अंगण एकदम मोठं वाटतंय. शेजारीण सकाळपासून दोनदा विचारून गेली, गाडी विकलीत का म्हणून. चांगल्या पायाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सहा महिने चालवायची नाही, तोवर भाऊ डागडुजी करून देणार आहे, असं तिला सांगितलं. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही.

आता तिच्या खोडी ऐकून ठेव, कुठल्या पुस्तकात सापडायच्या नाहीत. चोक ओढला की अकरापर्यंत मोजायचं आणि मग चावी फिरवायची. दहालाच फिरवलीस तर तासभर रुसते. डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजतो. लोक शिव्या देतात, आपण हात करायचा. मागची उजवी काच खाली गेली की वर येत नाही, म्हणून तिथे चौकटची राणी घडी करून अडकवली आहे, ती काढू नकोस. पेट्रोलचा काटा टाकी कोरडी पडली तरी अर्ध्यावर असतो.

हाताच्या क्लचला आठवड्याला दोन थेंब तेल दे. दाराच्या बाजूला असल्यामुळे तो दांडा तुझ्या गुडघ्याला लागतो ही तुझी तक्रार जुनीच आहे. तू आपला पायाने क्लच दाब आणि त्याला तसाच राहू दे. पोरीच्या डाव्या पायात जोर नसला म्हणून काय झालं, हात आहेत की, असं म्हणून बाबांनी तो कारखान्यातल्या लेथवर घडवला. मूठ मिळेना तेव्हा स्वयंपाकघरातल्या कपाटाची पितळी मूठ काढून बसवली. आई पुढे जन्मभर ते कपाट दोरीने उघडत आणि बाबांच्या नावाने बोटं मोडत राहिली. दोरी अजून आहे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुलैत गाडीत बसा. तुझ्या बायकोला म्हणावं, नवऱ्याच्या हाताला ग्रीसचा वास आला तर बोल मला लावू नये.

लोभ आहेच, तो गंजू देऊ नये.

तुझी
ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

म्हातारी सुखरूप पोचली आणि दुसऱ्याच दिवशी मी तिला उघडी केली. ताई, आतला गालिचा उचलला तर खालची फरशी दिसली! पत्रा पार कुजलाय. तू एवढी वर्षं पुठ्ठ्यावर पाय ठेवून गाडी चालवत होतीस, हे ऐकून इथे सगळे थक्क झाले.

सगळे म्हणजे जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांचं मंडळ. दर रविवारी जमतो. त्यातले परीक्षक, जाड चष्म्याचे एक निवृत्त गृहस्थ, स्क्रूची खाच बघून सांगतात की तो कारखान्यात बसवलेला आहे की नंतरचा. त्यांच्या मते हिच्या जातीच्या, कारखान्यातून निघाल्या तशाच राहिलेल्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. तेव्हापासून मला झोप नाही. मागच्या दिव्यांसाठी तीन गावं पालथी घातली. बायको म्हणते, घरात सवत आणली. मी म्हटलं, सवत साठीला आली आहे, तू कशाला घाबरतेस.

म्हातारी आता मुकाट्याने वळते आणि काचही वर येते. राणी जपून ठेवली आहे. दांड्यावर रविवारी बरीच चर्चा झाली. त्याचं काय करायचं ते मी बघतो, तू निर्धास्त राहा.

लोभ आहे तो असाच चालू अवस्थेत राहावा, ही विनंती.

तुझा
धाकटा


२ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

काठी घेऊन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत गेले आणि परत आले. दुकानदाराने खुर्ची पुढे केली, मी बसले नाही. घरी खुर्चीत बसून सराव करते. उजव्या हाताने दांडा ओढायचा, डाव्याने गिअर टाकायचा. तेवढा वेळ स्टिअरिंग देवाच्या हवाली. सव्वीस वर्षं टेलिफोन ऑफिसात अशीच गेले आणि देवाने एकदाच हयगय केली, तीही दूधवाल्याच्या सायकलीपुरती.

हॉर्न दुरुस्त केलास हे काही बरं केलं नाहीस. वळणावरचा शिंपी हॉर्नवरून वेळ ओळखायचा. असो.

हल्ली कुठे जायचं तर भाड्याची गाडी. ड्रायव्हर उतरतो, माझा पाय उचलून आत ठेवतो, आणि वर मावशी म्हणतो. भला माणूस आहे, पण मला रडू येतं. म्हातारीत मला कुणाचा हात लागत नव्हता. ते सुख तुला कळायचं नाही, आणि कळायची वेळही न येवो.

दांड्याचं बघतो असं लिहिलंस, ते तेलाबद्दलच असणार असं धरून चालले आहे. गाडी एक जुलैपर्यंत पाठव.

तुझ्या ग्रीसच्या हातांसकट तुझ्यावर लोभ आहे.

तुझी
ताई


१८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पहिला नंबर! मंडळाच्या स्पर्धेत, मूळ स्वरूपाच्या गटात पहिला! चष्मेवाले पाऊण तास तिच्याखाली आडवे होते. उठले तेव्हा मला म्हणाले, यात खोट काढायला मला काही सापडलं नाही. मी त्यांच्यादेखत रडलो, काय सांगू. फोटो पाठवतोय.

आता तिची मंडळाच्या कायम यादीत नोंद व्हायची आहे. त्याला आधीच्या मालकाचा, म्हणजे तुझा दाखला लागतो. कागद सोबत आहे. मजकूर मी टाइप करून घेतलाय, तू फक्त खाली सही कर. यादीतल्या गाडीला फार फिरवता येत नाही, पण तू इकडे राहायलाच ये. तुला शेजारी बसवून मी म्हणशील तिथे नेईन.

लोभ वाढावा, आता तर अभिमानही वाढावा.

तुझा
धाकटा


२४ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

बक्षिसाचं वाचून आनंद झाला. फोटो भिंगाखाली धरून पाहिला. ड्रायव्हरचं दार उघडं आहे, आतलं सगळं लख्ख दिसतंय. दांडा कुठे आहे?

सही अजून केलेली नाही.

ताई


१ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. दांडा मी फेकलेला नाही, वेगळ्या पार्सलने पाठवतोय. तो पेडलला जोडला होता, त्यासाठी पत्र्याला चार भोकं होती. परीक्षक म्हणाले, असले जुगाड असतील तर ती मूळ गाडी नव्हे. पत्रा बदलायचाच होता, भोकं त्याच्याबरोबर गेली. परत बसवायचा तर नवीन पत्र्याला भोकं पाडावी लागतील, आणि तसं केलं तर नंबर जाईल, नोंदही जाईल.

मला वाटलं होतं, तू आता चालवणार नाहीस. साठी उलटली, गुडघा असा. डॉक्टर आपलं धीर द्यायला बोलतात.

आणि खरं सांगू? त्या गाडीत मी बाबांच्या शेजारी कधी बसलो? पुढे तू, मागे मी. मग तुला गाडी चालवता यावी म्हणून ते दांडा घडवत बसले. माझ्यासाठी त्यांनी लेथवर साधा एक भोवरा केला नाही. मी चार महिने त्या गाडीखाली पाठ टेकली, तेव्हा पहिल्यांदा ती माझी वाटली. तेवढं तरी मला मिळू दे. सही कर.

लोभ असावा. रागावू नये.

धाकटा


९ जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. ते मागे घेता येत नाहीत.

पार्सल पोचलं. दांडा चकचकीत करून पाठवलास, त्याची गरज नव्हती. माझ्या हाताने पडलेले मुठीवरचे काळे डागही घासून काढलेस.

डॉक्टरीणबाई धीर द्यायला बोलल्या नव्हत्या. परवा शेजारणीच्या जावयाच्या गाडीत बसून त्यांच्यासमोर उजव्या पायाने ब्रेक दाबून दाखवला. त्या म्हणाल्या, चालवा. डाव्या पायापुढे क्लच होता, त्याच्याकडे मी नुसती बघत बसले.

भोवऱ्याचं खरं आहे. ते बाबांचं चुकलंच. मी पुढच्या सीटवर बसून मागे वळून पाहिलं नाही, ती माझी चूक. हे तू मला तेव्हा सांगितलं असतंस तर मी तुला पुढे बसवलं असतं. आता तू मला कायमचं शेजारी बसवू बघतोस.

गाडी ठेव. जिचा क्लच मला दाबता येत नाही ती माझ्या अंगणात येऊन काय करणार? ती तुझी झाली, असं या पत्रात लिहून देते.

पण दाखला वाचला. या वाहनात कधीही कोणताही बदल करण्यात आलेला नाही, असं तू टाइप करून घेतलं आहेस. माझी सही झाली की बाबांनी रविवार-रविवार घालवून तो दांडा घडवलाच नव्हता, आणि मी सव्वीस वर्षं कुणाच्या तरी हाताने आत बसत होते, असं होईल. ती ओळ मी खोडली आहे. तिथे शाईने लिहिलं आहे, की वडिलांनी मुलीसाठी हाताचा क्लच केला, मुलीने तो सव्वीस वर्षं वापरला, मुलाने काढला. त्याखाली सही केली आहे. चष्मेवाल्यांना भिंग लागणार नाही, अक्षर मोठं काढलंय. नोंद राहील की जाईल ते तुमचं तुम्ही बघा.

सुताराला बोलावून मूठ पुन्हा कपाटाला बसवून घेतली. छान बसली, भोकंही जुनीच चालली. दोरी काढून टाकली. सकाळपासून चार वेळा कपाट उघडायला गेले आणि चारही वेळा हात दोरीच शोधत होता.

लोभ आहे. मात्र मूळ स्वरूपात राहिलेला नाही.

ताई